शिखरजीला गेलेली पाटलोण

बर्फ? अहो, पलूसात बर्फ आणायचा कुठून! नाही, तुम्हीच सांगा मला... हितं ऊस पिकतो, मिरची पिकते, उन्हाळ्यात माणसाचं डोकं पिकतं, पण बर्फ? लढाई संपली, पोरं घरी आली, कुणी घड्याळ आणलं, कुणी बॅटरी आणली, एकानं तर तोंडानं वाजवायचा बाजा आणून अख्ख्या आळीची झोप घालवली, पण तो निदान वाजत तरी होता! आणि आमच्या सयाजीनं काय आणावं? पाटलोण. साधी पाटलोण असती तर मी आत्ता तुमच्यापुढं घसा कशाला कोरडा केला असता? ही पाटलोण इटलीच्या डोंगरातली, बर्फात कडे चढणाऱ्या नि बर्फातच तंबू ठोकून झोपणाऱ्या गोऱ्या सोल्जरांसाठी मुद्दाम बनवलेली, कापडाचे दोन थर, मधे भरण, वरनं गोधडीसारखे टाके... पाय घातला की वाटावं, पाटलोण घातली नाही, गादीत शिरलो! एका अमेरिकन सोल्जराला सयाजीनं चहाची पूड दिली आणि त्याच्याकडनं ही घेतली. त्या थंडीत, तुम्हाला सांगतो, पहाऱ्यावरच्या पोरांच्या पायांची लाकडं व्हायची आणि हा पठ्ठ्या घरच्या चुलीपुढं उभा असल्यासारखा उभा. पाटलोण वाईट नव्हती हो, मी कधी वाईट म्हटलं? पण ती तिकडंच सोडून यायची का नाही?

नाही सोडली. आणि आणली ती आणली, पेटीत घालून गप बसावं, तेही नाही. पहिल्याच हिवाळ्यात ती घालून कुंडलच्या बाजाराला निघाला. आता आमचा हिवाळा म्हणजे काय, सकाळी जरा अंगावर काटा येतो आणि न्याहारीपर्यंत जातो. हा बाजारात पोचेस्तवर ऊन चढलेलं, दोन्ही पाय फाकवून चालतोय, कारण पाय जवळ घ्यायला मधे जागाच नाही, घामानं पाटलोण भिजलेली, आणि तोंडावर मात्र असा भाव की अजून इटलीतच आहे! भाजीवाल्या बायका हळहळायला लागल्या, बिचाऱ्याला गळू झालंय वाटतं म्हणून. एका म्हातारीनं तर औषधसुद्धा सांगितलं, कांदा भाजून बांध म्हणाली. घरी आला आणि मांड्यांना खोबरेल चोपडून पालथा पडून राहिला. पाटलोण वाईट नव्हती हो, थंडीच लायकीची नव्हती आमची.

मग चंद्राबाईनं, म्हणजे सयाजीच्या बायकोनं, तिला कामाला लावलं. बाई मोठी हुशार. पाटलोणीच्या एका पायात दह्याचं गाडगं ठेवायची, सकाळी दही असं लागायचं की सुरीनं कापावं! आणि दुसऱ्या पायात? दुसऱ्या पायात तिची खुडूक कोंबडी जाऊन बसली. घरात टोपली होती, पेंढा होता, सगळं होतं... नाही, हिला पाटलोणच पाहिजे. हाकलली की फिरून तिथंच, डोळे मिटून, माहेरी आल्यासारखी. लोक हसायचे, पण सयाजी आपला मिशीला पीळ भरायचा आणि म्हणायचा, "विलायती कापूस हाय गड्या. कोंबडीलासुदीक कळतंय." कोंबडीला कळत होतं हो... त्यालाच कळत नव्हतं, पण ते पुढं.

आता हिथवर सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण मधे आल्या गुणमालाआक्का.

सयाजीच्या वस्तीला लागूनच मदन चौगुल्याची वस्ती. जैन माणसं, मळा आहे, सांगलीच्या पेठेत गुळाची अडत आहे. गुणमालाआक्का ही मदनची आई. सयाजी पाळण्यात असताना त्याची आई अंथरुणाला खिळली, तेव्हा एका मांडीवर मदन आणि दुसऱ्या मांडीवर सयाजी, असा वाढवला त्या बाईनं. मराठ्याचं पोर म्हणून वेगळी वाटी नाही की वेगळा पाट नाही. आणि हा लढाईवर गेला तेव्हा आक्कांनी काय करावं? बस्तीत, म्हणजे त्यांच्या देवळात, जाऊन नियम घेतला की माझा सया जिता घरी येईपर्यंत मी गूळ खाणार नाही. नियम म्हणजे त्यांच्यात खेळ नाही बरं का, एकदा देवापुढं तोंडातनं शब्द गेला की गेला, मग आभाळ कोसळो. अहो, गुळाची अडत घरात, गुऱ्हाळ दारात, काहिलीचा वास नाकात, आणि ही बाई लढाई संपेस्तवर पुरणपोळीकडं पाठ करून बसलेली! सयाजी आला तो आधी तिच्या पाया पडला, मग स्वतःच्या घरात गेला. अशा बाईसाठी माणूस काय करणार नाही, सांगा?

तर आक्कांच्या मनानं घेतलं शिखरजी. शिखरजी म्हणजे त्यांचा मोठा डोंगर, पार तिकडं बिहारात. जन्मात एकदा तरी तो चढायचा, आणि सांगलीच्या मंडळींची यात्रा निघाली ती नेमकी पौषात. तिकडं पौष म्हणजे आपल्यासारखा लुटुपुटीचा नव्हे, हाडं वाजवणारा. आणि आक्कांचे गुडघे! जरा गारवा लागला की गुडघे अडलेच, कुलूप लावल्यासारखे. मदन म्हणाला, डोलीत बस. आक्का म्हणाल्या, दुसऱ्याच्या खांद्यावर बसून कसलं पुण्य? बरं, मग लोकरीचं काही घाल. छे! लोकर म्हणजे मुक्या जित्राबाच्या अंगावरची, ती घालून त्या डोंगरावर पाय ठेवायचा? जायचं तर चालत, आणि सुती कापडात. म्हणजे जायचंच नाही, असंच झालं की ते! म्हातारीनं जेवण कमी केलं, बोलणं कमी केलं, नुसती उंबऱ्यात बसून राहायची.

हे सयाजीला कळलं मात्र... तुम्हाला सांगतो, धावतच गेला घरी! पाटलोणीच्या एका पायातनं गाडगं काढलं, दुसऱ्यातनं कोंबडी काढली, कोंबडीनं हात फोडला त्याचा, पण पाटलोण झाडून-झटकून उन्हात टाकून, घडी घालून आक्कांच्या पुढं नेऊन ठेवली. आक्कांनी ती बोटांनी चाचपली, नाकाशी नेली, उजेडाकडं धरून बघितली.

"सया, लोकर न्हाई न्हवं बाळ?"

"न्हाई आक्का."

"रेशीम बी न्हाई?"

"आवं, कापूस हाय. निव्वळ कापूस. आईच्यान्."

आता तुम्ही म्हणाल, खोटं बोलला. नाही हो, नाही! त्याला खरंच कापूस वाटत होता. उसवून कुणी बघितलं होतं? आपल्याकडं भरलेलं म्हटलं की कापूस. गादी कापसाची, उशी कापसाची, लोड कापसाचा... माणसाच्या डोक्यात दुसरं येणार कसं? हलकी लागली तर म्हणायचं विलायती, झालं. मदन तेवढा कुरकुरला की आई लुगड्याच्या आत पाटलोण घालणार, यात्रेतली माणसं काय म्हणतील? आक्कांनी त्याला एका वाक्यात गप केला. म्हणाल्या, लुगड्याच्या आत काय हाय ते मला ठावं आन् डोंगराला ठावं. पाटलोण त्यांच्या बगलेपर्यंत येत होती, मग चंद्राबाईनं नाडी ओवून दिली, पाय दुमडून टाके घातले, आणि निघाल्या आक्का. गाडी सुटली तेव्हा सयाजी ठेसनावर असा छाती काढून उभा होता की जणू डोंगर त्यानंच बांधून दिलाय. पाटलोण वाईट नव्हती हो, तिला तिची थंडी मिळाली होती शेवटी!

आणि मग आला केरबा.

केरबा फलटणचा, सयाजीच्याच पलटणीतला, इटलीत दोघं एका तंबूत झोपलेले. उसाचं बेणं बघायला आमच्याकडं आला आणि जुना दोस्त म्हणून मुक्कामाला उतरला. चंद्राबाईनं भाकरी वाढली, रस्सा वाढला, आणि सयाजीनं सुरू केलं की आपली पाटलोण आता कुठं आहे सांग बघू, शिखरजीला आहे, आमच्या आक्कांच्या अंगावर आहे, जैनांच्या डोंगरावर आपला कापूस चाललाय! केरबाचा घास हातातच राहिला.

"कापूस? आरं, पिसं हायती त्यात. बदकाची."

सयाजी हसला. म्हणाला, थट्टा करतोस व्हय रं? केरबा म्हणाला, थट्टा कशाची, मी पण त्याच सोल्जराकडनं तसलीच घेतली होती, ती काटेरी तारेत अडकून फाटली आणि पिसं अशी उडाली की पहाऱ्यावरचा निम्मा सेक्शन शिंकत बसला, तुला कसं आठवत नाही? तेव्हा हा ताप येऊन इस्पितळात होता, त्याला कुठनं आठवणार! सयाजीनं दाराकडं बघितलं. दारात ती खुडूक कोंबडी, पाटलोण नेल्यापासून तोंड पाडून बसलेली.

आता करायचं काय, सांगा? बदकाची पिसं... लोकर चालत नाही म्हणून जी बाई उंबऱ्यात झुरत होती, ती शे-दीडशे पाखरांची पिसं अंगाला गुंडाळून देवाच्या डोंगरावर! आणि तीही कुणाच्या शब्दावर? ह्याच्या. आईची शपथ घेतलेल्या! तार करावी म्हणाल, तर तारेत लिहायचं काय? 'पाटलोण काढा'? ती पोस्टातला माणूस वाचणार, तिकडं धर्मशाळेतला माणूस वाचणार, मदन चारचौघांत मोठ्यानं वाचून दाखवणार. आणि तार पोचेस्तवर आक्का डोंगर चढून उतरलेल्या. सयाजीनं ताट सारलं. केरबा बिचारा सकाळी बेणं न बघताच फलटणला गेला. चंद्राबाईनं एकच सांगितलं, कुणाला काही बोलू नका, म्हातारीला आयुष्यात एकदा मिळालेलं सुख आहे, ते नासवू नका. आणि तिचंही काय चुकलं होतं हो?

यात्रा परत आली. ठेसनापासनं बस्तीपर्यंत वाजंत्री, माणसं आक्कांच्या पाया पडतायत, आणि आक्का वाळलेल्या, पण तोंडावर असं तेज की बघत राहावं. बस्तीत बसल्या आणि सांगायला लागल्या, भल्या पहाटे चढायला लागलो, वारा असा की तरण्या बायका मटकन खाली बसल्या, पण माझे गुडघे कुरकुरले नाहीत, सगळा डोंगर पायी केला, माझ्या सयाच्या कापसानं नेलं मला. माझ्या सयाच्या कापसानं! सयाजी दारात उभा होता. त्याला वाटलं, जमीन दुभंगून आत घेईल तर बरं.

त्यांच्यात रीत अशी की यात्रेकरू आला की त्याच्या निमित्तानं बाकीच्यांनी एखादा नियम घ्यायचा, काहीतरी सोडायचं. बस्तीतले उपाध्ये एकेकाला विचारत होते. कुणी महिनाभर बटाटा सोडला, कुणी सणापुरतं पान सोडलं, मदननं उन्हाळ्यात काकडी सोडली, ती त्याला मुळातच सोसत नव्हती. आणि तेवढ्यात सयाजी पायताण काढून आत आला आणि हात जोडून म्हणाला, "मी कोंबडी सोडली. जल्मभर."

अहो, मराठ्याचा गडी, पलटणीतला, जत्रेला अख्खं कोंबडं एकटा संपवणारा! आता बदक सोडतो म्हटलं असतं तर भागलं असतं का नाही? पण पलूसात बदक खातंय कोण? नियमाला काही तोशीस लागायला नको? आक्कांच्या डोळ्यांना धार लागली. म्हणाल्या, हे माझ्या शिखरजीचं पुण्य. पुण्य!

आणि तिथनं पुढं, तुम्हाला सांगतो, त्या माणसाची जी दैना... आक्कांकडं पाहुणा आला की आक्का सयाजीला हाक मारून बसवून घेणार आणि सांगणार, हाच बरं का, ह्यानं माझ्यासाठी कोंबडी सोडली. पाहुणे माना डोलावणार, आणि ह्याला असं मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं की तिथल्या तिथं मटण सोडलं. पुढच्या कौतुकाला अंडी गेली. त्याच्या पुढच्याला येरळा नदीतले मासे गेले. लग्नात पंगत बसली की हा लांब बसून मीठभाकरी खाणार, लोक विचारणार, काय रं सयाजी, वारं फिरलं काय? आणि घरात कोंबड्या वाढायला लागल्या. कापायच्या कुणी? चंद्राबाईला काही बंदी नव्हती, पण ती म्हणायची, नवरा पिठलं ओरपतोय आणि मी समोर बसून रस्सा खाऊ होय? तिनंही सोडल्यासारखंच झालं. कोंबड्या पलंगाखाली, कोंबड्या माळ्यावर, कोंबड्या उतरंडीवर... आणि जिच्यापायी हे सगळं, ती पाटलोण कुठाय? आक्कांच्या पेटीत, कुलपात. प्रभावतीकाकू म्हणून त्यांची जाऊ, ती पुढच्या पौषात शिखरजीला निघाली, तिनं मागितली, तर आक्का नाही म्हणाल्या. सख्ख्या जावेला! गाव म्हणालं, म्हातारी चिकट आहे. पाटलोण वाईट नव्हती हो, पण जाईल तिथं माणसांची तोंडं फिरवत होती.

मग एक दिवस मदन आला, चेहरा उतरलेला. म्हणाला, आईनं यात्रेहून आल्यापासनं अष्टमी-चतुर्दशीचे उपास धरलेत, पाणीसुद्धा घेत नाही, अंगात काही राहिलं नाही. विचारलं तर म्हणते, चुकीचं प्रायश्चित्त हाय. कसली चूक ते सांगत नाही. तुझं ऐकेल, तू बघ.

सयाजी उठलाच. घरात जाऊन चंद्राबाईला म्हणाला, मी आज सांगणार, मग काय व्हायचं ते होऊ दे. तिनं पण अडवलं नाही. मनात म्हणाली असेल, सांगू देत एकदाचं, ह्यांचं ओझं उतरेल आणि घरातल्या कोंबड्या तरी कमी होतील.

आक्का सोप्यात बसून डाळ निवडत होत्या. दाण्यात जिवंत किडा आला की चिमटीत अलगद धरून बाजूला सोडायच्या. सयाजी समोर मांडी घालून बसला, घसा खाकरला, पुन्हा खाकरला, आणि म्हणाला, "आक्का, त्या पाटलोणीत कापूस न्हवता. पिसं हुती. मला मागनं कळलं."

आक्कांनी सुपातनं मान वर केली नाही.

"मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "आल्यावर धुवायला घेतली, टाका उसवला, आन् पिसं पाण्यावर तरंगाय लागली. समदी गोळा केली, लिंबाखाली पुरली. कापड जाळलं."

म्हणजे पेटीत काहीच नव्हतं! नसलेली पाटलोण ती बाई जावेला नाही म्हणाली आणि गावाचा बोल खाल्ला.

सयाजीला रडूच फुटलं. म्हणाला, मग बोलला का नाहीसा मला? आक्का म्हणाल्या, "तू आईची शपथ घेतलीवतीस. तुला ठावं न्हवतं हे मला ठावं हाय. पर मी बोलले असते तर जल्मभर तोंड चुकवत फिरला असतास." आणि मग म्हणाल्या, डोंगर चढले रे बाळ, पर आता डोळं मिटलं की डोंगर दिसत न्हाई, ती पाखरं दिसत्यात. आन् परत चढायला गुडघं न्हाईत.

कुणाचं काय चुकलं होतं हो? तिनं चाचपून घेतली होती, ह्यानं जीव ओतून दिली होती. आणि दोघंही एकाच पाटलोणीचं प्रायश्चित्त घेत होती, ही उपाशी राहून आणि तो पिठलं खाऊन, एकमेकांच्या नकळत, मधे एक बांध! मला अजून आठवलं की वाईट वाटतं. सयाजीनं त्यांचे पाय धरले, म्हणाला, आता उपास सोडा, माझ्या गळ्याची आण. आक्कांनी मान हलवली, हो म्हणाल्या. मग त्यानं डोळे पुसले, नाक पुसलं, आणि जरा चाचरतच विचारलं की आक्का, तुम्हाला आधीच ठाऊक होतं, तर मग पाहुण्यांपुढं माझं इतकं कौतुक का करत होता?

"त्यातली पाखरं काय परत यायची न्हवती," आक्का म्हणाल्या. "पर मी कौतुक केलं की तू एकेक सोडत हुतास. कोंबडी वाचली, बकरं वाचलं, मासं वाचलं. मग म्या कौतुक करतच गेले."

शेवटी पेठेत अडत चालवलेल्या घरातली बाई ती!

"मग आता सुटलो न्हवं मी?" त्यानं विचारलं.

आक्कांनी पुन्हा सूप हातात घेतलं. "नियम हाय, बाळ. देवाम्होरं घेतलेला."

सयाजी घरी आला. दारापासनंच वास आला, चंद्राबाईनं खोबरं भाजलं होतं, लसूण-मिरची पाट्यावर बारीक वाटून ठेवली होती, चुलीवर आधण होतं आणि एक तुरेबाज कोंबडा पाय बांधून कोपऱ्यात. तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. म्हणाली, "सांगितलंसा?"

"सांगितलं."

"मग धरू का ह्याला?"

सयाजीनं कोंबड्याकडं बघितलं, वाटणाकडं बघितलं, मग खाली बसून कोंबड्याचे पाय सोडले.

"वाटण वाया जाऊ द्यू नगंस," म्हणाला. "वांगी घाल त्यात."